आक्काच्या घरचं पाणी

पाण्याला अक्कल नसते, उतार असतो. हे मला नोकरीला लागल्यावर लवकरच कळलं, आणि ते लोकांना पटवण्यात माझी पुढची सगळी नोकरी गेली. सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या पाणीपुरवठा खात्यात तपासनीस होतो. माझ्या कामाचं स्वरूप घरी सांगायला लागलो की बायको मध्येच मीठ संपल्याची आठवण करून द्यायची. काम असं होतं: ज्या घराला किंवा कारखान्याला खात्याचा नळ आहे आणि शिवाय स्वतःची विहीर आहे, तिथं खात्याच्या नळावर नॉनरिटर्न व्हॉल्व्ह बसवलेला असला पाहिजे, असा नियम होता. मी ते व्हॉल्व्ह तपासत सायकलवरून हिंडायचो.

हा व्हॉल्व्ह म्हणजे बिडाची एक जाड डबी. आत एक लोखंडी झडप, आणि झडपेला खालून चामड्याची चकती. रस्त्यावरचं पाणी आत यायला लागलं की झडप उचलली जाते. आतलं पाणी उलटं रस्त्याकडे निघालं की झडप आपोआप बसते आणि वाट बंद होते. यात न कळण्यासारखं काहीही नाही. तरीही मी डबीचं झाकण उघडलं की बऱ्याच ठिकाणी आत झडपच नसायची. लोकांनी ती काढून टाकलेली असायची. एक जण म्हणायचा, "झडप पाणी खाती." दुसरा म्हणायचा, "लई खटखट वाजती, म्हाताऱ्याला झोप न्हाई." एका गृहस्थांनी तर मला शांतपणे समजावलं, "आवो, आमचं पाणी भाईर कशाला जाईल? रात्रीचं दार लावलेलं असतंय की."

अशा माणसांशी बोलून माझा आवाज कायमचा चढा झाला. घरी मी मीठ मागितलं तरी ते नोटीस दिल्यासारखं वाटायचं.

तपासायची पद्धत सोपी होती. रस्त्याकडची चावी बंद करायची. चावी आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या नळीला एक छोटी तोटी असते, ती उघडायची. नळीत उरलेलं पाणी गळून जातं. मग पाणी थांबलं, तर झडप ठीक. थांबलं नाही, येतच राहिलं, तर ते खात्याचं पाणी नव्हे. ते आतल्या टाकीतून उलटं येतंय. रस्त्याची चावी बंद असताना पाणी दुसरीकडून येणार तरी कुठून? पण एवढं सांगितलं की लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, जणू मीच ते पिशवीतून आणलंय. दुरुस्तीही सोपीच. झडपेची बैठक घासायची, चामड्याची नवी चकती करडईच्या तेलात भिजवून बसवायची, आणि झाकण आवळायचं. चामडं वाळलं की आक्रसतं, म्हणून तेल.

आता घरचं सांगतो. आम्ही मूळचे मोहोळकडचे. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. त्यांनी जमीन भावाकडे सोपवली, सोलापुरात येऊन गिरणीत आयुष्य काढलं आणि निवृत्त झाले. आई लवकर गेली. घरात आण्णा, मी आणि माझी बायको. थोरली बहीण, म्हणजे आक्का, तिचं सासर आमच्याच पेठेत होतं, फक्त चढावर. आम्ही उताराला. तिच्या सासरी सूत रंगवण्याचा कारखाना होता. मागच्या अंगणात हौद, भट्ट्या, बांबूंवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी, आणि मध्ये एक जुनी विहीर. विहिरीचं पाणी मोटरीनं वरच्या टाकीत चढायचं आणि तिथून सगळ्या घराला जायचं; खात्याची नळीही घरातल्या त्याच पाइपांना जोडलेली होती. कारखाना दाजी बघायचे. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. भला माणूस. रंग सोडून कशातलंच फारसं कळायचं नाही, आणि ते तसं कबूलही करायचे.

आक्काला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. डॉक्टर झाले, देव झाले, कुणी सांगितलेली मुळंही उगाळून झाली. आणि आमच्याकडे रीत अशी की, लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही. रीत पुष्कळांकडे होती, पण माणसं ती सोयीनं वाकवायची. जेवण नको म्हणायची आणि चहा घ्यायची. चहात काय, नुसतं पाणीच तर असतं. आण्णा म्हणायचे, "पाणीच असतंय म्हणून तर नको."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांचा लेकीवर जीवही होता. दर गुरुवारी ते चढ चढून तिच्याकडे जायचे, आणि जाताना घरून पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या घेऊन जायचे. पितळी, आवळून बंद होणाऱ्या झाकणाचा, प्रवासात नेतात तसला. प्रवास केवढा? आमच्या दारातून आक्काचं दार दिसायचं. अंगणातल्या कट्ट्यावर बसायचे, लेकीशी बोलायचे, तहान लागली की फिरकी उघडून घोट घ्यायचे. आक्काची सासू दर वेळी म्हणायची, "पाव्हणं, घोटभर च्या तरी घ्या की." आण्णा हात जोडायचे, "न्हाई वो. रीत हाय." मग अंगणातली सगळी माणसं, लडी पिळणारे मजूरसुद्धा, एकदा आक्काकडे बघायची आणि खाली मान घालायची.

मला ते बघवायचं नाही. आक्का एकदा मला म्हणाली, "त्यास्नी सांग, येऊच नगा. न्हाईतर आलं तर एक पेला पाणी प्या. ते तांब्याची फिरकी उघडत्यात न्हवं, तवा सगळ्या आळीला वरडून सांगत्यात बघ, हिला पोर न्हाई म्हणून." तिला बाकी काही नको होतं. डॉक्टर नको, देव नको. बापानं आपल्या घरचं एक पेला पाणी प्यावं, एवढंच तिचं मागणं होतं. मी आण्णांना सांगून बघितलं. चढ्या आवाजातही सांगितलं. ते म्हणाले, "रीत म्हंजे रीत. तुझा व्हॉल न्हवं, की कुणीबी झडप काढून ठेवावी." मी घरी कामाबद्दल बोलायचो, ते आण्णा ऐकायचे, हे त्या दिवशी मला कळलं.

आण्णांची दुसरी एक तक्रार होती, आणि ती सोलापुरात आल्या दिवसापासूनची. नळाच्या पाण्याला चव नाही. गावाकडच्या विहिरीचं पाणी किंचित खारट होतं. त्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला नळातून येणारं तळ्याचं पाणी पिणं म्हणजे अळणी वरण खाण्यासारखं. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आणि मग कधीतरी, दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षांत, आण्णांची तक्रार बंद झाली. बंद झाली एवढंच नाही, ते चक्क कौतुक करायला लागले.

"तुमच्या खात्यानं काय केलंय ठाऊक न्हाई," ते म्हणाले, "पर पाण्याला चव आलीय. पयल्या धारेला तर लईच. गावची हीर आठवती."

आमच्याकडे नळाला पाणी सकाळी एकदा यायचं. सगळी आळी पहिली धार भांड्याला आणि धुण्याला काढायची, कारण नळीत रात्रभर उभं राहिलेलं पाणी आधी बाहेर पडतं. आण्णा मात्र हंडा घेऊन पहिल्या धारेलाच उभे राहायचे. प्यायचं पाणी तेच, आणि गुरुवारचा तांब्याही त्याच पाण्यानं भरलेला. खात्याचं कौतुक करणारा माणूस माझ्या सगळ्या नोकरीत हा एकच भेटला, म्हणून मी ते ऑफिसात साहेबांना सांगितलं. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी मला बसायला सांगितलं.

त्याच सुमाराला दाजींची एक वेगळीच तक्रार सुरू झाली. रात्री भरून ठेवलेली टाकी सकाळी अर्धी असायची. त्यांनी आधी शेजाऱ्यावर संशय घेतला. मग मजुरांवर. मग टाकीच्या झाकणाला भलं मोठं कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी कडदोऱ्याला बांधली. टाकी कुलपातच रिकामी होत राहिली. दाजी माझ्याजवळ बोलले, तेव्हा मी टाकीला चीर असेल म्हणालो. तो भाग माझ्याकडे नव्हता, दुसरा तपासनीस होता, आणि दुसऱ्याच्या भागातल्या पाण्याचा विचार करायची खात्यात पद्धत नव्हती.

मग एका सकाळी आमच्या नळाला गुलाबी पाणी आलं.

रंगपंचमी होऊन महिना झाला होता. बायको ओरडली म्हणून मी मोरीत गेलो. बादलीत लाजल्यासारख्या रंगाचं पाणी. बाहेर आळीत तोवर गलका झाला होता. शेजारच्या म्हातारीनं देवाचा कौल समजून दारात शिंपडलं होतं. तिच्या सुनेनं व्यवहार बघितला आणि एक पांढरा पोलक्याचा कपडा बादलीत बुडवून रंग धरतो का ते पाहिलं. धरला नाही, म्हणून ती खात्याला शिव्या देत होती. मी आत वळलो तर आण्णा हंड्यातून पेला भरून उजेडाकडे धरून बघत होते. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी एक घोट घेतला.

"रंग गुलाबी हाय," ते म्हणाले, "पर चव तीच हाय."

मी हंडा ओतून दिला. दिवसभर माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवून ते गप्प बसले, आणि गुलाबीपणा ओसरल्यावर त्यांनी तांब्या भरून घेतला. गुरुवार होता.

ऑफिसात माझ्याआधी आळीतली तक्रार पोचली होती. त्या भागाचा तपासनीस रजेवर होता. साहेब मला म्हणाले, तूच जा. चढावर विहीर आणि रंग दोन्ही असलेलं ठिकाण एकच होतं. मालक कोण, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पाहुणे. "मग चहा मिळेल," साहेब म्हणाले.

मी गेलो तेव्हा आण्णा कट्ट्यावर बसलेले होते, शेजारी तांब्या. आक्का लडी मोजून घेत होती. दाजींनी मला बघितलं आणि आनंदानं म्हणाले, "या या पाव्हणं! टाकीची चीर बघायला आलासा व्हय?" मी म्हटलं, आधी व्हॉल्व्ह बघू.

रबरी नळी आधी दिसली. तिचं एक टोक नळाला, दुसरं, आदल्या रात्री काढायचं विसरल्यानं, लडी धुवायच्या हौदात बुडालेलं. हौदातलं पाणी गुलाबी. रस्त्यातली नळी रिकामी झाली की हे पाणी तिच्यात ओढलं जाणार, हे उघड होतं. पण ओढलं जायला मधली झडप उघडी पाहिजे. मी रस्त्याची चावी बंद केली, तोटी उघडली आणि खाली बादली ठेवली. आण्णांनी माझं काम कधी बघितलं नव्हतं. ते कट्ट्यावरून उठून जवळ येऊन उभे राहिले. नळीतलं पाणी गळालं, आणि मग पाणी थांबायचं सोडून चांगलं जोरात यायला लागलं. बादली भरली. दाजी अभिमानानं म्हणाले, "जोर बघा की!"

मी डबीचं झाकण काढलं. आत झडप नव्हती.

"झडप कुठंय?"

"हाय की. हरवायला काय झालं?" दाजी आत गेले आणि कारखान्याच्या कोनाड्यातून दोन्ही हातांवर ठेवून झडप घेऊन आले. तिच्यावर हळदीकुंकवाचा इतका जाड थर होता की लोखंड दिसत नव्हतं. पाण्याला जोर नाही म्हणून त्यांनी ती काढली, हे खरं. पण काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, आणि खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. पान्हे, कात्री, तराजू यांच्याबरोबर झडपही कोनाड्यात मांडली गेली. एकदा पुजलेली वस्तू पुन्हा पाइपात कशी घालायची? पुढच्या खंडेनवमीलाही तिची पूजा झाली. दाजी म्हणाले, "लई जपलीय. एक दिवस दिवा चुकला न्हाई."

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दाजी शांतपणे ऐकत होते आणि मध्येच त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे टाकी..." असं म्हणून त्यांनी कडदोऱ्याची किल्ली चाचपली आणि कुलूप काढायला जिन्यावर धावले. शेजाऱ्याशी बोलणं सुरू करायलाही ते त्याच दिवशी गेले असं नंतर कळलं.

आक्का मात्र जागची हलली नव्हती. ती वाहत्या तोटीकडे बघत होती.

"चावी बंद हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"बंद हाय."

"मग ह्ये पाणी कुणाचं?"

"तुमचंच. टाकीतलं. म्हंजे हिरीचं."

"आन् ते जातं कुटं?"

"उताराला. खालच्या आळीत. रात्रभर रस्त्याच्या नळीत भरून ऱ्हातं, आन् सकाळी पयल्या धारेला..." मी इथं थांबलो. मला कामातलं सगळं कळतं, घरातलं जरा उशिरा.

आक्का आण्णांकडे वळली. आण्णांनी तांब्या उचलून हातात घेतला होता. फिरकी अर्धी उघडलेली.

"आण्णा," ती म्हणाली, "त्यात काय हाय?"

आण्णांनी तांब्याकडे बघितलं.

"दोन खंडेनवम्या झाल्या. रोज पिताय माझ्या घरचं पाणी. हितं बसूनबी तेच पिताय. चांगलं लागतंय म्हणताय. मला पोर झालं न्हाई. आन् तुमाला काय झालं? सांगा की. काय झालं तुमाला?"

लडी पिळणारे मजूर थांबले होते. सासू दारात आली होती. आण्णांचा चेहरा मी इतका उतरलेला कधी बघितला नव्हता, आईच्या वेळीसुद्धा नाही. ते कसेबसे म्हणाले, "म्या न्हाई प्यालो. नळानं पाजलं." आणि वहाणा घालून, चढ उतरून निघून गेले. तांब्या कट्ट्यावरच राहिला. आक्कानं त्याची फिरकी घट्ट आवळली आणि तो आत नेऊन ठेवला. ती रडली नाही. मी मात्र सगळा राग त्या झडपेवर काढला.

रॉकेलनं घासून हळदीकुंकू काढलं. दाजी बाजूला उभे राहून नमस्कार करत होते. नवी चकती तेलात भिजवली, बसवली, झाकण आवळलं. रबरी नळी हौदातून काढून खुंटीला अडकवली. मग पुन्हा चावी बंद, तोटी उघडी. नळीतलं पाणी गळालं, धार बारीक झाली, थेंब थेंब आले, आणि थांबले. आक्का शेवटचा थेंब थांबेपर्यंत बघत होती.

"आता जाणार न्हाई न्हवं खाली?"

"न्हाई. थेंबबी न्हाई."

"बरं केलंस," ती म्हणाली. आजवर मी चांगलं काम केलं म्हणून कुणी इतक्या वाईट आवाजात बोललं नव्हतं.

घरी आण्णा कोपऱ्यात बसलेले. रात्री जेवताना त्यांनी पाणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी हंडा घेऊन लांबच्या पेठेतल्या ओळखीच्या घरी गेले आणि तिथून पाणी आणलं, या वयात खांद्यावरून. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तुमच्या नियमात बघ. रस्त्याच्या नळीत जे पाणी असतंय, ते कुणाचं?"

मी म्हणालो, नियमाप्रमाणे रस्त्याच्या नळीत जे आहे ते खात्याचं. कुठूनही आलेलं असो.

त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग म्या खात्याचंच प्यालो," ते म्हणाले. लांबच्या पेठेतला हंडा बंद झाला. रीत शाबूत राहिली होती. माणसाला पळवाट दाखवायचं काम खात्यानं मला कधी दिलं नव्हतं. ते मी घरचं म्हणून फुकट केलं, आणि आक्काची आठवण येऊन मला स्वतःचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या धारेला उभे राहिले. पेला भरला, घोट घेतला आणि मोरीत थुंकला.

"काय केलंस रं नळाला?"

"दुरुस्त केला."

"ह्याला दुरुस्त म्हणत्यात व्हय?"

मग त्यांनी नाना उपाय केले. माठ बदलला. माठात मिठाचा खडा टाकला. ते पाणी आम्ही कुणीच पिऊ शकलो नाही आणि त्यांनी मात्र हट्टानं दिवसभर प्यायलं. तुळशीची पानं टाकली. एकदा मला विचारलं की खात्याला अर्ज केला तर जुनी चव परत मिळेल का. मी म्हणालो, असा अर्ज घेऊन गेलो तर साहेब मलाच तपासतील. ते हसले नाहीत. त्यांना नुसती चव नको होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण घरात कुणी ते बोलत नव्हतं, आणि बोलायला आमच्याकडे पद्धतही नव्हती.

गुरुवार आला. सकाळी आण्णांनी सदरा घातला, टोपी घातली, आणि सवयीनं फडताळाकडे हात नेला. तांब्या तिथं नव्हता. तो आक्काकडे होता. थोडा वेळ ते फडताळापुढे उभे राहिले. मग तसेच रिकाम्या हातानं बाहेर पडले.

दुरुस्त केलेला व्हॉल्व्ह आठवड्यानं पुन्हा बघायचा असा नियम होता, म्हणून मी त्या वेळी तिथंच होतो. तोटी उघडून बसलो होतो. आण्णा अंगणात आले, कट्ट्यावर बसले. सासूनं या वेळी चहाचं विचारलं नाही. कुणीच काही विचारलं नाही. आण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. चढ चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

"पोरी," ते म्हणाले, "पाणी दे."

आक्का लडी पिळत होती. तिनं हात थांबवले नाहीत. "कसलं?"

"प्यायचं."

"आन् रीत?"

"रीत हाय की," आण्णा म्हणाले. त्यांनी टोपी पुन्हा काढली. "पर खालच्या नळाला आता तुझं पाणी येत न्हाई."

आक्कानं हातातली लड तशीच हौदाच्या काठावर टाकली आणि आत गेली. लवकर आली नाही. आतून राखेनं भांडं घासल्याचा आवाज येत होता. किती घासावं माणसानं. इतकी वर्षं तिनं वाट बघितली होती, आता ती त्यांना थोडी बघायला लावत होती, आणि माझ्या मते ते अगदी बरोबर होतं. शेवटी ती बाहेर आली. हातात त्यांचाच तांब्या, सोन्यासारखा उजळ, काठोकाठ भरलेला. फिरकी तिनं लावलीच नव्हती.

आण्णांनी तांब्या तोंडाला लावला आणि मध्ये न थांबता प्याले. मिशा पुसल्या.

"हीच," ते म्हणाले. "हीच चव."

"मग," आक्का म्हणाली. आणि रिकामा तांब्या घेऊन, "च्या टाकू?"

आण्णांनी विचार केला. "टाक," म्हणाले.

मी तोटीकडे बघितलं. पाणी केव्हाच थांबलेलं होतं. झडप ठीक असल्याचं मी लिहून दिलं आणि चहा घेतला. साहेबांचा अंदाज आठवड्यानं का होईना, खरा ठरला.

आक्काला मूल झालं नाही. त्याबद्दल आण्णांनी पुन्हा कधी रीत काढली नाही. पाय चालत होते तोवर दर गुरुवारी ते तिच्याकडे जाऊन चहा घ्यायचे, पुढं पुढं जेवायचेही. पाय थकल्यावर आक्का उतरून यायला लागली, विहिरीच्या पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या घेऊन. तिच्या घरचं पाणी पुन्हा उतारानं आमच्याकडे यायला लागलं. शेवटच्या दिवशी माझ्या बायकोनं देवातली गंगेची कुपी काढली होती. आण्णांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. मग आक्कानं तांब्याची फिरकी उघडली, चमच्यानं पाणी त्यांच्या ओठांशी नेलं, आणि त्यांनी तोंड उघडलं. कुपी पुन्हा देवात ठेवली गेली, बंद होती तशीच.